आयर्लंडमध्ये युरोपीय प्रादेशिक विकास निधी : अर्जापासून लेखापरीक्षणापर्यंतचे टप्पे

आयर्लंडमध्ये छोटा उद्योग चालवणारे, तांत्रिक विद्यापीठांत संशोधन करणारे किंवा स्थानिक संस्थांचे काम पाहणारे मराठी वाचक युरोपीय निधीबद्दल जे प्रश्न विचारतात, त्यांतले बरेचसे एकाच गैरसमजातून येतात. पैसा युरोपीय संघाचा आहे, तेव्हा अर्ज ब्रसेल्सकडे किंवा निदान आपल्या प्रादेशिक सभेकडे (अनेक परगण्यांच्या परिषदांच्या एकत्रित संस्थेकडे) करायचा, असे ते गृहीत धरतात. मग सहा महिने चुकीच्या दारात जातात, किंवा अर्ज योग्य ठिकाणी पोहोचतो पण काम आधीच सुरू झालेले असल्यामुळे तो बाद ठरतो. पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत, कारण या व्यवस्थेत उशिरा दुरुस्त करता येतील अशा चुका फार थोड्या आहेत.

टप्पा १ : कोणता निधी, हे आधी ठरवा

युरोपीय निधीचे व्यवस्थापन दोन पद्धतींनी होते. संशोधनासाठीच्या ‘होरायझन युरोप’सारख्या कार्यक्रमांत युरोपीय आयोग स्वतः किंवा त्याच्या यंत्रणा प्रस्ताव मागवतात आणि अर्ज थेट आयोगाच्या संकेतस्थळावरून जातो. प्रदेशांतील विकासाची दरी कमी करण्यासाठी असलेला प्रादेशिक विकास निधी मात्र सामायिक व्यवस्थापनाखाली येतो. म्हणजे आयोग कार्यक्रमाला मान्यता देतो, पण प्रकल्पांची निवड, तपासणी आणि रकमेची परतफेड सदस्य देशातील संस्था करतात. या लेखाचा विषय ही दुसरी पद्धत आहे.

याच्या जवळचे तीन मार्ग वेगळे ठेवावेत. कौशल्य-प्रशिक्षण आणि रोजगारासाठीच्या युरोपीय सामाजिक निधीचा कार्यक्रम आयर्लंडमध्ये केंद्रीय खाते चालवते. ग्रामीण भागातील लहान प्रकल्पांसाठीची ‘लीडर’ योजना स्थानिक कृती गटांमार्फत चालते. कॅव्हन, डोनेगल, लिट्रिम, लाउथ, मोनाहन आणि स्लायगो या उत्तर आयर्लंडजवळच्या सीमावर्ती परगण्यांतील कामांसाठी ‘पीसप्लस’ हा कार्यक्रम असून त्याचे व्यवस्थापन विशेष युरोपीय कार्यक्रम मंडळाकडे आहे.

तपासा : आपल्या कामाचे वर्णन चार वाक्यांत लिहून काढावे. त्यात ‘प्रशिक्षण’ हा शब्द सर्वांत ठळक दिसत असेल, तर बहुधा आपण या निधीच्या नव्हे, सामाजिक निधीच्या दारात असायला हवे.

टप्पा २ : आपल्या परगण्याचे व्यवस्थापन प्राधिकरण शोधा

आयर्लंडमधील ३१ स्थानिक प्राधिकरणे (म्हणजे परगणा व शहर परिषदा) तीन प्रादेशिक सभांमध्ये विभागली आहेत. नॉर्दर्न अँड वेस्टर्न सभेत ९, सदर्न सभेत १० आणि ईस्टर्न अँड मिडलँड सभेत १२ प्राधिकरणे येतात. सभा तीन असल्या तरी २०२१ ते २०२७ या काळासाठी प्रादेशिक विकास निधीचे कार्यक्रम दोनच आहेत, आणि घोटाळा इथेच होतो. डब्लिन, मीथ किंवा किल्डेअरमध्ये राहणारा अर्जदार साहजिकच ईस्टर्न अँड मिडलँड सभेशी पत्रव्यवहार सुरू करतो. प्रत्यक्षात त्या सभेच्या आणि दक्षिणेच्या क्षेत्रासाठी एकच संयुक्त कार्यक्रम असून त्याचे व्यवस्थापन प्राधिकरण, म्हणजे तो चालवणारी जबाबदार संस्था, वॉटरफर्ड येथील सदर्न रीजनल असेंब्ली आहे. वायव्येच्या कार्यक्रमाचे व्यवस्थापन रॉसकॉमन परगण्यातील बालाहाडरीन येथून नॉर्दर्न अँड वेस्टर्न रीजनल असेंब्ली पाहते.

संयुक्त कार्यक्रमाचा आकार सुमारे ६६.३ कोटी युरो असून त्यात युरोपीय वाटा सुमारे २६.५ कोटींचा, म्हणजे ४० टक्के आहे. वायव्येचा कार्यक्रम सुमारे २१.७ कोटी युरोंचा आहे. तो प्रदेश ‘संक्रमणातील प्रदेश’, म्हणजे युरोपीय सरासरीहून काहीसा मागे असलेला प्रदेश, या वर्गात मोडत असल्यामुळे तेथे युरोपीय वाटा ६० टक्के, म्हणजे सुमारे १३ कोटी आहे.

सावधान : ४० किंवा ६० टक्के हा आपल्याला मिळणाऱ्या अनुदानाचा दर नाही. युरोपीय संघ आणि आयरिश राज्य यांच्यात खर्चाची वाटणी कशी होते, एवढेच त्यातून कळते. अर्जदाराला किती टक्के अनुदान मिळेल, हे प्रत्येक योजनेच्या अटींत स्वतंत्रपणे लिहिलेले असते. अंदाजपत्रकात हे दोन आकडे एकमेकांत मिसळलेले अर्ज वारंवार दिसतात, आणि त्यांतून उभी राहणारी तूट नंतर कोणीही भरून देत नाही.

टप्पा ३ : अर्ज कोण घेते, ते पाहा

व्यवस्थापन प्राधिकरण सहसा स्वतः अर्ज स्वीकारत नाही. ते आपली काही कामे मध्यस्थ संस्थांकडे सोपवते, आणि अर्जदाराचा संबंध त्या संस्थेशी येतो. उद्योगांतील नवोपक्रमासाठीच्या योजना एंटरप्राइझ आयर्लंड या सरकारी संस्थेकडे आहेत. तांत्रिक विद्यापीठांतील संशोधन-क्षमता वाढवणारी ‘टीयू राइज’ ही योजना उच्च शिक्षण प्राधिकरण चालवते. नगरकेंद्रांतील रिकाम्या वारसा-इमारती पुन्हा वापरात आणण्यासाठीच्या ‘थ्राइव्ह’ योजनेत अर्ज करण्याचा अधिकार फक्त स्थानिक प्राधिकरणांना आहे.

‘थ्राइव्ह’चे उदाहरण मुद्दाम थोडे विस्ताराने सांगतो. एखाद्या मंडळाला किंवा सांस्कृतिक संस्थेला गावातील जुनी इमारत समाजकेंद्र म्हणून वापरायची असेल, तर तिने स्वतः अर्ज लिहिण्यात वेळ घालवू नये. आपल्या परगणा परिषदेच्या नगर-पुनरुज्जीवन अधिकाऱ्याकडे इमारतीच्या वापराचा ठोस आराखडा, अपेक्षित वापरकर्ते आणि देखभालीचा खर्च कोण उचलणार याचा हिशेब घेऊन जावे. परिषद अर्जदार राहील आणि संस्था भागीदार. ही भेट प्रस्ताव-आवाहन (अर्ज मागवणारी जाहीर सूचना) निघाल्यावर नव्हे, त्याच्या कित्येक महिने आधी व्हायला हवी, कारण आवाहन जाहीर झाल्यावर परिषदेकडे नवीन इमारत निवडण्याइतका अवधी उरत नाही.

अगदी छोट्या उद्योगांनी प्रथम आपल्या परगण्यातील स्थानिक उद्योग कार्यालयात जावे. कोणत्या योजनेत युरोपीय पैसा आहे आणि कोणत्या योजनेत केवळ राष्ट्रीय पैसा आहे, हे तेथे एका बैठकीत स्पष्ट होते आणि पुढची बरीच वणवण वाचते.

तपासा : नियोजित प्रस्ताव-आवाहनांचे वेळापत्रक प्रसिद्ध करणे आणि ते वर्षातून किमान तीनदा अद्ययावत करणे व्यवस्थापन प्राधिकरणावर बंधनकारक आहे. त्यात भौगोलिक क्षेत्र, पात्र अर्जदारांचा प्रकार, एकूण रक्कम आणि आरंभ-अंतिम तारखा दिलेल्या असतात. हे वेळापत्रक न पाहता अर्ज लिहायला घेऊ नये.

टप्पा ४ : निवडीचे निकष आणि राज्यसाहाय्याची मर्यादा

प्रकल्प निवडण्याचे निकष अधिकारी आपल्या मर्जीने ठरवत नाहीत. प्रत्येक कार्यक्रमाची एक देखरेख समिती असते आणि निवडीची पद्धत व निकष तीच मंजूर करते. हे निकष प्रसिद्ध असतात. अर्जातील प्रत्येक परिच्छेद कोणत्या निकषाला उत्तर देतो, हे समासात लिहून पाहिले, की निम्मा मजकूर अनावश्यक असल्याचे सहसा लक्षात येते. पाच वर्षे किंवा त्याहून अधिक टिकणाऱ्या पायाभूत कामांसाठी हवामान-बदलाचा विचार करणारी तपासणी आवश्यक असते. तिची तयारी शेवटच्या आठवड्यात होत नाही.

उद्योगांसाठी खरी कसोटी राज्यसाहाय्याच्या, म्हणजे सरकारने उद्योगांना द्यायच्या मदतीवरील युरोपीय नियमांची आहे. अल्प साहाय्याच्या (de minimis) सवलतीखाली, म्हणजे आयोगाच्या पूर्वमंजुरीशिवाय देता येणाऱ्या लहान मदतीत, एका उद्योगाला कोणत्याही सलग तीन वर्षांत एका सदस्य देशाकडून जास्तीत जास्त ३ लाख युरो मिळू शकतात. ही मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. येथे ‘एक उद्योग’ म्हणजे एक कंपनी नव्हे. मालकी किंवा नियंत्रणाने जोडलेल्या कंपन्या मिळून एकच उद्योग धरला जातो. पती-पत्नींनी चालवलेल्या दोन कंपन्यांपैकी एका कंपनीकडे दुसऱ्या कंपनीतील मताधिकाराचे बहुमत असेल, तर दोन्ही कंपन्यांना मिळालेली मदत एकत्र मोजली जाते.

सावधान : काम कधी सुरू करावे, याबद्दल दोन वेगळे नियम आहेत आणि ते एकाच वेळी लागू होऊ शकतात. पहिला नियम सर्वांसाठी आहे. अर्ज देण्यापूर्वी पूर्ण झालेल्या कामाला निधी मिळत नाही, मग त्याची बिले चुकती झालेली असोत वा नसोत. दुसरा नियम सामूहिक सवलतीखाली (ठरावीक प्रकारच्या मदतीला आयोगाच्या पूर्वमंजुरीतून सूट देणाऱ्या नियमाखाली) मदत घेणाऱ्या उद्योगांसाठी असून तो अधिक कडक आहे. त्यानुसार लेखी अर्ज देण्यापूर्वी काम सुरूसुद्धा झालेले नसावे, आणि यंत्रसामग्रीची पहिली बंधनकारक ऑर्डर देणे म्हणजेच काम सुरू करणे. जमीन घेणे, परवानग्या मिळवणे आणि शक्यता-अभ्यास करणे ही पूर्वतयारी मानली जाते. यंत्राची किंमत वाढेल या भीतीने आधीच सही केलेली एक ऑर्डर संपूर्ण प्रकल्प अपात्र ठरवू शकते.

टप्पा ५ : अंदाजपत्रक आणि रोख रकमेची सोय

महाराष्ट्रात संस्था चालवलेल्या अनेकांना अनुदानाचा पहिला हप्ता आधी, मग काम, मग उपयोगिता प्रमाणपत्र आणि त्यानंतर पुढचा हप्ता, हा क्रम परिचित आहे. येथे सर्वसाधारणपणे खर्च आधी आपण करायचा, पैसे आपण चुकते करायचे आणि पुराव्यानिशी दावा केल्यावर परतफेड घ्यायची असते. आयर्लंडच्या सार्वजनिक अनुदानांविषयीचे १३/२०१४ हे परिपत्रकही आगाऊ रक्कम देणे हा अपवाद मानते. म्हणून अंदाजपत्रकाबरोबर महिनावार रोख-प्रवाहाचा तक्ता करावा आणि परतफेड होईपर्यंतचा काळ कोणत्या पैशावर काढायचा, याचे उत्तर बँकेच्या पत्रासह तयार ठेवावे.

खर्चाची पात्रता ठरवताना पुढील मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. कर्जावरील व्याज अपात्र आहे. जमिनीच्या खरेदीचा खर्च सर्वसाधारणपणे एकूण पात्र खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंतच धरता येतो. पडीक किंवा पूर्वी औद्योगिक वापरात असलेल्या, इमारती असलेल्या जागांसाठी ही मर्यादा १५ टक्के आहे. मूल्यवर्धित कराबाबत युरोपीय नियम असा, की करासह ५० लाख युरोंपेक्षा कमी खर्चाच्या प्रकल्पांत तो पात्र ठरू शकतो. तरीही योजनेच्या अटी याहून कडक असू शकतात, आणि मग त्याच पाळाव्या लागतात.

अप्रत्यक्ष खर्चासाठी, म्हणजे कार्यालयाचे भाडे, वीज, हिशेबनीस इत्यादींसाठी, ठोक दर वापरण्याची मुभा नियमांत आहे. पात्र प्रत्यक्ष मनुष्यबळ-खर्चाच्या १५ टक्क्यांपर्यंत किंवा एकूण पात्र प्रत्यक्ष खर्चाच्या ७ टक्क्यांपर्यंत हा दर स्वतंत्र आकडेमोड न मांडता लावता येतो. प्रत्यक्ष मनुष्यबळ-खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम धरून उरलेला सगळाच खर्च भागवण्याचा पर्यायही आहे. यांपैकी कोणता लागू, हे योजना सांगते. अर्जदाराने आपल्या सोयीने निवडायचा हा विषय नाही. मनुष्यबळावर १,००,००० युरो खर्च असेल, तर १५ टक्क्यांच्या पद्धतीत अप्रत्यक्ष खर्च १५,००० युरो धरला जातो आणि त्याच्या पावत्या मागितल्या जात नाहीत.

सावधान : ठोक दर घेतला आणि त्याच कार्यालयाचे भाडे ‘प्रत्यक्ष खर्च’ म्हणून पुन्हा दाखवले, तर तो दुहेरी दावा होतो. हेतू शुद्ध असला तरी लेखापरीक्षक त्याला अनियमितताच म्हणतो, आणि ते योग्यच आहे.

तासाच्या दराचा हिशेब सोपा आहे. कर्मचाऱ्यावरील नोंदवलेला वार्षिक खर्च १,७२० तासांनी भागायचा. खर्च ६०,२०० युरो असेल, तर दर ३५ युरो येतो. एका वर्षात एका व्यक्तीसाठी १,७२० पेक्षा जास्त तास दाखवता येत नाहीत. ती व्यक्ती इतर युरोपीय प्रकल्पांतही काम करत असेल, तर तेथील तासांशी ताळमेळ बसतो का, हे आपणच आधी पाहावे.

टप्पा ६ : अटींचे पत्र वाचल्याशिवाय सही करू नका

निवड झाल्यावर लाभार्थ्याला साहाय्याच्या सर्व अटी सांगणारा दस्तऐवज मिळतो. त्यात काय निर्माण करायचे, वित्तीय आराखडा, मुदत आणि खर्च मोजण्याची पद्धत दिलेली असते. अर्जात लिहिलेले आणि या पत्रात आलेले एकच आहे का, हे ओळीओळीने ताडून पाहावे. निर्देशकांची, म्हणजे किती उद्योगांना मदत, किती संशोधक, किती चौरस मीटर अशा आकड्यांची व्याख्या विशेष बारकाईने वाचावी. अर्जात उत्साहाने लिहिलेला मोठा आकडा येथे बंधनकारक होतो. तो कमी करून घ्यायचा असेल, तर सहीपूर्वीचा काळ हीच योग्य वेळ आहे.

टप्पा ७ : खरेदी

सर्वाधिक कपात याच टप्प्यावर होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सार्वजनिक खरेदीचे नियम मोडल्यास आयोगाच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दोषाच्या गांभीर्याप्रमाणे कराराच्या रकमेत ५, १०, २५ किंवा १०० टक्के वित्तीय सुधारणा, म्हणजे कपात, केली जाते. कामाचा दर्जा उत्तम असणे हा तेथे बचाव ठरत नाही.

नेहमीच्या चुका ठरावीक आहेत. एकच काम लहान तुकड्यांत विभागून निविदेच्या मर्यादेखाली आणले जाते. निविदेत एखाद्या विशिष्ट उत्पादकाचे नाव घालून पुढे ‘किंवा समतुल्य’ लिहायचे राहते. गुणांकनाचे निकष निविदा उघडल्यावर बदलले जातात. मूळ करारात नसलेले वाढीव काम तोंडी सांगून करून घेतले जाते. आणि ज्यांची दरपत्रके आली, त्यांपैकी एक जण समितीतील कोणाचा तरी नातेवाईक असल्याची नोंद होत नाही. आपल्या समाजात ओळखीच्या माणसाकडून काम करून घेणे विश्वासाचे मानले जाते, म्हणून हा शेवटचा मुद्दा आवर्जून सांगावासा वाटतो. ओळख असणे गुन्हा नाही, पण ती लेखी जाहीर न करणे आणि निर्णयप्रक्रियेतून बाजूला न होणे हा दोष आहे.

तपासा : प्रत्येक खरेदीच्या फाईलमध्ये गरजेची टिपणी, निविदा किंवा दरपत्रकांची मागणी, आलेली सर्व उत्तरे, गुणांकनाचा सही केलेला तक्ता, हितसंबंधांची घोषणापत्रे, नाकारलेल्यांना पाठवलेली पत्रे आणि करार असावा. यांतील एखादा कागद नंतर मागील तारखेने तयार करावासा वाटला, तर तो करू नये. राहून गेलेल्या कागदाबद्दल प्रामाणिक टिपणी लिहून फाईलला लावणे त्याहून पुष्कळ सुरक्षित असते.

टप्पा ८ : दावा आणि परतफेड

प्रत्यक्ष खर्चावर आधारित दाव्यात तीन कागदांची साखळी पूर्ण असावी लागते : करार किंवा ऑर्डर, बिल आणि बँकेतून रक्कम गेल्याचा पुरावा. तिन्हींवर नाव, रक्कम आणि प्रकल्पाचा संदर्भ जुळला पाहिजे. रोख व्यवहार टाळावेत. संचालकाच्या वैयक्तिक कार्डावरून केलेला खर्च संस्थेने त्याला परत दिल्याची नोंद नसेल, तर तो संस्थेचा खर्च ठरत नाही. प्रकल्पासाठी स्वतंत्र हिशेब-संकेतांक पहिल्या दिवसापासून ठेवावा.

लाभार्थ्याला देय रक्कम दावा सादर केल्यापासून ८० दिवसांच्या आत मिळावी, असा नियम आहे आणि तो निधीच्या उपलब्धतेच्या अधीन आहे. सादर केलेल्या माहितीवरून देय रक्कम ठरवता येत नसेल, तर ही मुदत थांबवता येते. त्यामुळे चार महिने पैसे आले नाहीत अशी तक्रार करण्यापूर्वी मध्यस्थ संस्थेने विचारलेले आणि अनुत्तरित राहिलेले प्रश्न आपल्या टपालपेटीत पडून नाहीत ना, ते पाहावे. २०२१–२७ च्या कार्यक्रमांसाठी खर्च पात्र ठरण्याची शेवटची तारीख सर्वसाधारणपणे ३१ डिसेंबर २०२९ आहे, मात्र आपल्या करारातील मुदत बहुधा त्याच्या बरीच आधी संपते.

टप्पा ९ : प्रसिद्धी, टिकाऊपणा आणि कागदपत्रांचे जतन

युरोपीय संघाचे बोधचिन्ह आणि साहाय्याचा उल्लेख संकेतस्थळावर व समाजमाध्यमांवर असणे आवश्यक आहे. एकूण खर्च ५ लाख युरोंहून अधिक असलेल्या प्रकल्पांना भौतिक काम सुरू होताच किंवा उपकरणे बसवताच टिकाऊ फलक लावावा लागतो. त्याखालील प्रकल्पांना किमान ए-३ आकाराचे भित्तिपत्रक किंवा इलेक्ट्रॉनिक फलक ठळक जागी लावावा लागतो. ही बाब दुय्यम समजली जाते, पण दुरुस्ती न केल्यास साहाय्याच्या ३ टक्क्यांपर्यंत रक्कम रद्द होऊ शकते. फलक लावल्याच्या दिवशीच तारखेसह छायाचित्र फाईलमध्ये ठेवावे.

पायाभूत सुविधा किंवा उत्पादक गुंतवणूक अंतिम परतफेडीनंतर पाच वर्षे टिकवावी लागते. लघु व मध्यम उद्योगांसाठी सदस्य देश हा काळ तीन वर्षांवर आणू शकतो. या काळात मालकी बदलून कोणाला अवाजवी लाभ झाला किंवा उत्पादन प्रदेशाबाहेर हलवले, तर रक्कम परत करावी लागू शकते. कागदपत्रे शेवटची रक्कम ज्या वर्षी मिळाली, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून पाच वर्षे जपायची असतात. शेवटची परतफेड मार्च २०२७ मध्ये झाली, तर मोजणी ३१ डिसेंबर २०२७ पासून सुरू होते आणि फाईल २०३२ च्या अखेरपर्यंत ठेवावी लागते. राज्यसाहाय्याच्या नियमांखाली याहून अधिक काळ लागू शकतो.

टप्पा १० : प्रतिनिधित्वाची वाट वेगळी आहे, ती योग्य वेळी वापरा

प्रादेशिक सभांचे सदस्य हे स्थानिक परिषदांतून आलेले निवडून दिलेले नगरसेवक असतात. युरोपीय प्रदेश समिती या युरोपीय संघाच्या सल्लागार संस्थेत आयर्लंडचे ९ सदस्य आणि ९ पर्यायी सदस्य असतात, आणि समितीवर बसण्यासाठी लोकनियुक्त पद किंवा लोकनियुक्त सभेला राजकीय उत्तरदायित्व आवश्यक असते. आयरिश प्रतिनिधिमंडळाला साहाय्य करणारे प्रादेशिक सभांचे कार्यालय ब्रसेल्समध्ये आहे. समितीची मते सल्ल्याच्या स्वरूपाची असतात. ती कायद्याच्या मसुद्यावर दिली जातात, एखाद्या अर्जावर नव्हे.

म्हणून ‘आमचा अर्ज मंजूर होण्यासाठी शब्द टाका’ अशी विनंती नगरसेवकाला करू नये. तिचा उपयोग नाही, आणि निवड-प्रक्रियेवर दबाव आणल्याचा संशय आल्यास अर्जाला अपायच होतो. त्याच नगरसेवकाला ‘लहान संस्थांना आधी खर्च करणे परवडत नाही, म्हणून पुढील काळातील नियमांत आगाऊ रकमेची तरतूद असावी’ असे आकडेवारीसह लेखी सांगणे मात्र पूर्णपणे योग्य आहे, कारण नियम घडवण्याच्या कामासाठीच ही व्यवस्था आहे.

याची वेळ आताच आहे. आयोगाने १६ जुलै २०२५ रोजी २०२८ ते २०३४ या काळासाठी मांडलेल्या प्रस्तावात वेगवेगळ्या निधींऐवजी प्रत्येक देशासाठी एकच राष्ट्रीय व प्रादेशिक भागीदारी आराखडा सुचवला आहे. निर्णय राजधानीत एकवटतील आणि प्रदेशांचा आवाज क्षीण होईल, अशी चिंता प्रदेश समितीने व्यक्त केली आहे, आणि मला ती रास्त वाटते. या प्रस्तावांवर म्हणणे मांडायचे असेल, तर पुढील क्रम पाळावा.

१. आपल्या प्रकल्पातील एक अडचण निवडावी आणि ती नियमाच्या नेमक्या शब्दांशी जोडावी.
२. ती एका पानात लिहून आपल्या स्थानिक नगरसेवकाकडे व प्रादेशिक सभेच्या युरोपविषयक विभागाकडे पाठवावी.
३. सभा किंवा खाते जाहीर सल्लामसलत घेते तेव्हा तेच पान औपचारिक निवेदन म्हणून मुदतीत दाखल करावे.

तपासा : आयर्लंडमध्ये राहणारी प्रौढ व्यक्ती, तिचे नागरिकत्व कोणतेही असो, स्थानिक निवडणुकीत मत देऊ शकते आणि उभीही राहू शकते. भारतीय पारपत्र असलेल्या मराठी रहिवाशांनाही हा अधिकार आहे. त्यासाठी मतदार-नोंदणीत नाव हवे, आणि ते आहे की नाही हे आपल्या परिषदेच्या नोंदणी-विभागाकडे आजच पाहता येते. मागील स्थानिक निवडणुका जून २०२४ मध्ये झाल्या असून पुढील २०२९ मध्ये अपेक्षित आहेत.